बिनडागाचं दुपटं

दोरीवरची वाळलेली दुपटी काढताना एकाच्या चुणीत केसाची पिन सापडली. साधी लोखंडी पिन, वरचा काळा रंग उडालेला, एका टोकाला गंज. कापड ओलं असतानाच पडली असणार आणि तशीच वाळली असणार. मी पिन उचलली, दुपटं उन्हाकडं धरलं, उलटंसुलटं केलं. पिवळंधमक. डाग सोडा, साधा ठिपका नाही.

"फुलाकाकू, ही पिन तुझी?"

फुलाकाकू खाली पोत्यावर बसून दुपट्यांना लेबलं शिवत होती. तिनं डोक्याला हात लावून बघितलं. "माझीच गं. आण इकडं. अक्कानं बघितलं तर डोस्कं खाईल माझं. डाग पडला का?"

"नाही."

"मग देवाची किरपा म्हण न् गप घडी घाल."

मी घडी घातली, पण गप बसवेना. देवाची कृपा असली तर असू दे, लोखंडावर ती कशी काय होईल?

आमच्या शेडमध्ये लोखंडाला बंदी होती. आम्ही डाळिंबाच्या सालीनं कापड रंगवायचो, आणि त्या रंगाला लोखंड लागलं की तिथं काळा डाग पडतो. धुऊन जात नाही, घासून जात नाही. त्यामुळं हंडे पितळेचे, ढवळायला लाकडी दांडकं, आणि दारात एक वेताची टोपली टांगलेली. आत शिरताना प्रत्येकीनं पिना, किल्ल्या, पदराचे आकडे त्यात टाकायचे. मी पहिल्या आठवड्यात सेफ्टी पिन काढायला विसरले होते, तर ज्या आत्याची ही शेड होती, जिला सगळ्या बायका अक्का म्हणायच्या, तिनं माझ्यामुळं खराब झालेलं सगळं कापड माझ्याकडूनच पुसायची फडकी म्हणून कापून घेतलं होतं. आणि आता गंजलेली पिन अख्खी रात्र दुपट्यावर झोपून उठली, तरी काही नाही.

म्हणजे तो रंग सालीचा नव्हता.

हे सगळं सांगोल्याजवळचं. मी तेव्हा सोळाची. नववीत गणिताच्या सरांनी मी न केलेल्या चोरीसाठी सगळ्या वर्गासमोर माझं दप्तर उलटं केलं, म्हणून मी त्यांचं टेबल उलटं केलं. त्यानंतर शाळा आणि मी, दोघींनीही एकमेकींचं नाव काढलं नाही. मग पापड लाटायच्या कामावरून भांडून आले, ब्युटी पार्लरवालीशी भांडून आले. शेवटी बापानं मला कलाआत्याच्या दारात सोडलं आणि म्हणाला, "हितनं हाकललं तर मला सांगू नको, मी डायरेक्ट तुला बघायला पाव्हणं बोलावतो."

आत्यानं हाकललं नाही. ती ओरडायची, पण खोटं ओरडायची नाही. अनारदाण्याच्या कारखान्यातून टाकून दिलेली सालं आणायची, वाळवायची, उकळायची, तुरटीत भिजवलेलं कापड त्या पाण्यात बुडवायचं. लोक उकिरड्यावर टाकतात त्यातनं हा असला पिवळा निघतो, हे बघून मी पहिल्यांदा कुठंतरी टिकले. आमच्या हाताची नखं कायम पिवळी, वासानं कुत्री लांब पळायची, पण मला आवडायचं.

त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं आमच्याकडून तान्ह्या बाळांची दुपटी घ्यायला सुरुवात केली. लेबलावर डाळिंबाचं चित्र आणि खाली लिहिलेलं, 'फळाच्या सालीनं रंगवलेलं, रसायनाविना'. लेबलं त्यांचीच, खोक्यात भरून यायची. आधी थोडा माल घेऊन बघितला. आता कंपनीच्या मृणाल मॅडम स्वतः येऊन शेड बघणार होत्या. पसंत पडलं तर वर्षभराचं काम, नाही पडलं तर आत्या शेड सोडणार होती. भाडं अंगावर घेऊन ती थकली होती, तसं तिनं आम्हाला सरळ सांगितलेलं. शेड गेली की मी बापाकडं, आणि बापाकडं पाव्हणं.

आणि अशा टायमाला कुणीतरी सालीच्या नावाखाली दुसराच रंग घालत होतं. कोण, हा प्रश्नच नव्हता. माझ्या डोक्यात एकच नाव आलं.

दातार सर.

दातार सर पुण्याच्या एका संस्थेनं आमच्याकडं वर्षभरासाठी पाठवले होते. मॅनेजमेंट शिकलेला बारीक चष्म्याचा माणूस. धंदा वाढवायचा पण पर्यावरण राखून, असं त्यांचं चालायचं. त्यांनीच उकळलेल्या सालांच्या वड्या वाळवून भट्टीत जाळायला शिकवलं, त्यामुळं लाकूड लागायचं बंद झालं. शेडमागं खडी-वाळूचा लांब वाफा करून त्यात कर्दळ लावली. रंगाचं उरलेलं पाणी त्यातनं गाळून पुढं शेवग्याला जायचं. चांगलं होतं सगळं. पण माणूस फार गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्याचे मी खिसे बघते.

मागची खोली दोघांच्याच ताब्यात. पुढं आम्ही सालं उकळायचो, पण कापडाची शेवटची बुडी आत्या स्वतः मागं घ्यायची, कारण रंग कुठं थांबवायचा ते तिलाच कळायचं. आणि दातार सर तिथं पाण्याचं माप घ्यायच्या नावाखाली आतबाहेर करायचे. आत्या तर आत्या होती. मग राहिलं कोण?

मी नजर ठेवली. माणूस सगळ्यांच्या आधी यायचा. सॅक आतल्या खुंटीला अडकवायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. मग शेडमागं जायचा आणि येताना कोपरापर्यंत हात धूत यायचा. रोज. एकदा मी त्यांची सॅक चाचपली. आत डबा, छत्री, एक लहान खुरपं.

मॅनेजमेंटवाल्याला खुरपं कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याही आधी गेले आणि शेवग्याच्या आड बसले. सर आले, इकडंतिकडं बघितलं, वाफ्यात उकिडवे बसले आणि खुरप्यानं उकरायला लागले. मी मागनं जाऊन उभी राहिले.

"काय पुरताय?"

ते दचकून मागंच बसले, पार चिखलात. मग मला बघून रागावले. तोपर्यंत मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं. "पुरतोय? मी पुरतोय? मला आधी सांग, तू माझ्या कर्दळीत काय ओततेस?"

"मी?"

"तूच रोज इथं घुटमळत असतेस. मी बघतो. शेवग्याआडून तुझी ओढणी दिसते."

"मी तुमच्यावर लक्ष ठेवते."

"आणि मी तुझ्यावर."

मग त्यांनी उकरलेलं दाखवलं. कर्दळीची पानं कडांनी करपलेली होती, ते मी बघितलेलं, पण मला वाटायचं ऊन. मुळं तपकिरी होऊन सडलेली. आणि खडीवर पांढरा पापुद्रा.

"रोज दोनतीन रोपं मरतात. मॅडम येणार म्हणून मी मेलेली काढतोय आणि घरून आणून नवी लावतोय. तुरटीनं एवढं होणार नाही. कुणीतरी काहीतरी ओततंय."

मी पापुद्रा बोटानं उचलून जिभेला लावला.

"अगं, काय करतेस? ते काय आहे ते माहीत नाही आपल्याला."

"मीठ," मी थुंकून म्हणलं. "नुसतं मीठ."

शेडमध्ये मिठाची पोती होती. महिनाभरापासून यायला लागलेली. आत्या म्हणाली होती, मिठानं रंग जास्त धरतो. आम्ही हो म्हणलेलं. आत्या म्हणाली म्हणजे झालं.

सर चष्मा पुसत विचार करत राहिले. "सालीच्या रंगाला मीठ लागत नाही," ते हळू म्हणाले. "मीठ लागतं पाकिटातल्या रंगाला. पोत्यानं लागतं."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्कांना विचारायला पाहिजे."

तिथं माझं डोकं फिरलं. स्वतः करून आत्याचं नाव पुढं करतोय. पिनेचं मी त्यांना सांगितलंच नाही. म्हणलं, तुला मॅडमच्या समोरच उघडा पाडते. मॅडमला कळलं की सालीत घाण करणारा हा आहे, तर त्या ह्याला काढतील आणि आत्याचं काम आत्याला राहील. सोळाव्या वर्षी असं सगळं सरळ दिसतं.

मॅडम आल्या त्या दिवशी आत्यानं इरकल नेसली होती. फुलाकाकूनं दारात रांगोळी काढली. मॅडम पांढऱ्या गाडीतून उतरल्या, खादीचा कुर्ता, पायात कोल्हापुरी. सगळ्यांशी छान बोलल्या. सालांचा ढीग बघून फोटो काढले, भट्टीचे काढले, आमच्या पिवळ्या नखांचे जवळून काढले. टोपलीत स्वतःचं घड्याळ काढून ठेवलं, तेव्हा तर फुलाकाकू हरखलीच. "किती साधी बाई हाय."

आत्या त्यांना पोहे द्यायला बसली, तेवढ्यात मी मागच्या अंगणात माझं काम केलं. आदल्या दिवशी रंगवलेलं एक दुपटं ओलं केलं. माझ्या डोक्याचा स्कार्फ सोडला. तो आम्ही पहिल्या दिवसांत रंगवलेला, अस्सल सालीचा. तोही ओला केला. दोन्ही उन्हात शेजारीशेजारी अंथरले आणि दोन्हींवर गंजलेले खिळे ठेवले.

पोहे, चहा, मग परत चहा. मॅडम मागं आल्या तेव्हा कापडं वाळत आली होती. बरोबर आत्या, दातार सर आणि चहाचे कप उचलायचं निमित्त करून फुलाकाकू.

"मॅडम, जरा हे बघा," मी म्हणलं आणि खिळे उचलले.

स्कार्फवर काळेकुट्ट डाग, खिळ्याच्या आकाराचे. दुपट्यावर थोडासा तांबूस गंज, तोही मी ओल्या बोटानं पुसला. खाली पिवळं जसंच्या तसं.

"हा सालीचा रंग नाही," मी म्हणलं. "आणि हे ह्या माणसाचं काम आहे." मी दातार सरांकडं बोट केलं.

सरांचा चेहरा पडला. "मी? अक्का, ही काय म्हणतेय?"

आत्या दुपट्याकडं बघत होती.

मॅडमनी दुपटं उचललं, नीट घडी घातली आणि काखेत धरलं. मग मला विचारलं, "हे अजून कुणाला दाखवलंस?"

मी घोकून ठेवलेलं की त्या विचारतील, हे काय आहे, म्हणजे काय, खिळ्याचा काय संबंध. त्यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

दातार सरांच्याही ते लक्षात आलं. "मॅडम, ही काय दाखवतेय ते तुम्हाला समजलं?"

"दातार, तुम्ही पाण्याचं बघा."

"पाण्याचंच बघतोय. पाण्यात मीठ आहे."

"मीच टाकते," आत्या म्हणाली.

ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला आधी वाटलं, मिठाचंच बोलतेय. मग ती माझ्याकडं न बघता पुढं बोलायला लागली. "लेबलांच्या खोक्यात तळाला पाकिटं येत्यात. मागल्या खेपेचा निम्मा माल परत आला. एक दुपटं हळदीवानी, दुसरं मेथीच्या भाजीवानी. आता साल रोज येगळी, त्याला मी काय करू? मॅडम म्हनल्या, नुसता रंग सांभाळून घ्या, बाकी सगळं तुमचंच."

"आणि सालाचं पाणी?" मी विचारलं. "आम्ही उकळतो ते?"

"मोरीत."

आम्ही रोज धुरात डोळे चोळत उकळत होतो ते पाणी.

मॅडम माझ्याजवळ आल्या. आवाज एकदम मऊ. "हे बघ बाळ, सालं तुम्ही वापरताच ना? कचरा कमी होतोय, बायकांना काम मिळतंय, ते खोटं आहे का? लोकांना निसर्ग पाहिजे असतो, पण प्रत्येक वेळी सारखाच निसर्ग पाहिजे असतो. दुकानात दोन पिवळे शेजारी लावले की गिऱ्हाईक दोन्ही ठेवून जातं. सुरुवातीला एवढं करावं लागतं. पुढं जमेल तसं कमी करू."

"मग लेबलावर तसं लिहा."

त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अक्का, मुलगी तीक्ष्ण आहे तुमची. पुण्यात मला माल तपासायला अशीच नजर पाहिजे. राहायची सोय करते. येतेस?"

"कशाला? कुणाला दिसू नये म्हणून काय काय लपवायचं ते सांगायला?"

"वैजे," आत्या म्हणाली. पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. "हो म्हण. तुझं तरी भलं हुईल. हितं काय हाय?"

तिच्या डोळ्यांत मला ओरडणारी आत्या कुठं दिसेना. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर काय करतात ते मला माहीत नव्हतं. टेबल उलटं करायचं तर तिथं टेबलही नव्हतं.

दातार सर म्हणाले, "अक्का, मी संस्थेला काय सांगू?"

"काय सांगायचं ते तुमच्या वर्षाच्या शेवटी सांगा," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत ह्या बायकांचं काम चालू राहू दे. का बंद पाडायचंय? विचारा त्यांनाच."

त्यांनी फुलाकाकूकडं बघितलं. फुलाकाकू कप हातात घेऊन तशीच उभी होती. तिला मधे पडायची सवय नाही. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. काम ऱ्हायलं म्हंजे झालं." मग थोडी थांबली. "पर अक्का, एक इचारू का? मागल्या आठवड्यात शिलाई चुकलेलं एक दुपटं मी घरी न्हेलं. तुलाच इचारून न्हेलं. ते बी पाकिटाचंच का?"

आत्यानं मान वर केली.

"सुनंनं लेकराला गुंडाळलंय त्यात," फुलाकाकू म्हणाली. "बारकं हाय अजून. त्याला सवयच लागलीय, त्येचा कोपरा तोंडात धरल्याशिवाय झोपत न्हाय."

"काही होत नाही त्यानं," मॅडम म्हणाल्या. "सगळीकडं तोच रंग वापरतात. एकदम सेफ."

फुलाकाकूनं मॅडमकडं बघितलंच नाही. "अक्का?"

आत्याचे ओठ हलले. ती मॅडमसारखंच काहीतरी म्हणणार असं मला वाटलं, कारण तेच सगळ्यांच्या सोयीचं होतं. दोन शब्द बोलायचे आणि वर्षाचं काम.

"काढ जा ते," आत्या म्हणाली.

"अक्का," मॅडम म्हणाल्या.

"त्येच्या तोंडातनं काढ. आत्ता जा." मग स्वतःच पदर खोचला. "थांब. म्याच येते. तुझी सून तुला इचारत बसंल."

आणि ती निघाली. इरकल सावरत, जवळजवळ पळतच. फुलाकाकू कप खाली ठेवून तिच्यामागं.

मॅडम, दातार सर आणि मी तिथंच राहिलो. मॅडमनी फोन काढला, परत ठेवला. मला म्हणाल्या, "तुला वाटतंय तू जिंकलीस." मला तसं काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं, बापाला आता फोन जाणार.

आत्या परत आली तेव्हा घामानं भिजली होती. हातात दुपटं, एक कोपरा ओला. ती कुणाकडं न बघता मागच्या खोलीत गेली, लेबलांचं खोकं घेऊन आली आणि त्यावर ते दुपटं ठेवलं.

"वैजे, हे मॅडमच्या गाडीत ठिव."

"अक्का, रागात ठरवू नका. घरी जाऊन विचार करा, उद्या फोन करा."

"रागात न्हाय," आत्या म्हणाली. "रागात असते तर तुमाला पोहं चारलं नसतं. मघाशी मला खोटं बोलायचं हुतं. तोंडातनं आलं न्हाय, तर आता काय करू?"

मी खोकं गाडीत ठेवलं. मॅडम जाताना घड्याळ विसरल्या. मी पळत जाऊन काचेतनं दिलं. थँक्यू म्हणाल्या. खरंच साधी बाई होती, तेवढं फुलाकाकूचं चुकलं नव्हतं.

त्यानंतर चांगलं काही लगेच झालं नाही. काम गेलं. मोठी शेड सोडून आम्ही आत्याच्या घरामागं दोन हंडे लावले. आत्या आणि मी सोडून बाकी सगळ्या बायका गेल्या. फुलाकाकू डाळिंबं निवडायच्या कामाला लागली. बाजारात भेटली की लेकराचं सांगते, पण एकदा म्हणाली, "तुझ्या डोळ्यांनी आमचं काम खाल्लं बघ," आणि ती चेष्टा नव्हती. दातार सरांनी संस्थेला सगळं खरं लिहिलं, वर्ष पुरं केलं आणि जाताना नव्या वाफ्यात कर्दळ लावून गेले. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, "मीपण तुझ्यावरच संशय घेतला होता, फिट्टंफाट." बापाला आत्यानं फोनवर सांगितलं, पोरगी कामाची आहे, पाव्हण्यांना येऊ देऊ नको.

आता आम्ही दोघीतिघी मिळून रंगवतो आणि आठवडी बाजारात, प्रदर्शनात विकतो. एका दुपट्याचा रंग दुसऱ्यासारखा नसतो. कुणी नाक मुरडतं, कुणी तेच बघून घेतं. पोटापुरतं होतं, कधी होत नाही.

त्या दिवसाबद्दल आत्या माझ्याशी कधी बोलली नाही. शाबासकी नाही, शिवी नाही. फक्त हंड्यात काही टाकायचं असलं, तुरटी का असेना, की ती हात तिथंच थांबवते आणि मला हाक मारते. "वैजे, बघ गं." आणि मूठ उघडून दाखवते.

राहू दे आत्या, असं म्हणावं असं मला दरवेळी वाटतं. पण मी म्हणत नाही. मी जवळ जाते, आणि बघते.